आधी खोली ऐकावी

म्युनिक शहराच्या उत्तरेला, फ्राइमान भागात, एमओसी नावाची काच आणि पोलाद यांची एक लांबलचक इमारत आहे. ती बांधली गेली तयार कपडे आणि खेळाचे सामान विकणाऱ्या घाऊक व्यापाऱ्यांसाठी. दुकानदारांनी यावे, पुढच्या हंगामाचे नमुने पाहावेत आणि ऑर्डर नोंदवून जावे, एवढाच तिचा मूळ उद्देश. आवाज कुठे घुमेल आणि कुठे विरेल, ही चिंता तिथली भिंत घालणाऱ्याला नव्हती. तरीही २००४ ते २०२५ या काळात, कोविडची २०२० आणि २०२१ ही वर्षे सोडली तर, दर वसंत ऋतूत ‘हाय एंड’ हे हाय-फाय जगातले सर्वांत मानाचे प्रदर्शन याच इमारतीत भरत आले. प्रदर्शन मुळात १९८२ पासूनचे. म्युनिकला येण्याआधी ते फ्रँकफर्टजवळच्या एका मोठ्या हॉटेलात भरायचे. पाचशेच्या आसपास प्रदर्शक, चार दिवसांत वीस हजारांवर माणसे, असा त्याचा पसारा. २०२६ पासून ते व्हिएन्नाच्या ऑस्ट्रिया सेंटरमध्ये हलवायचे ठरले.

जर्मनीत नोकरीला असलेले अनेक मराठी अभियंते या प्रदर्शनाची सहज वाट धरतात. मुंबई-पुण्याहून मुद्दाम जाणारे थोडे, पण आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्याची एक समजूत पक्की असते: जगातली उत्तमोत्तम यंत्रे एका छपराखाली आहेत, तेव्हा एकीनंतर एक ऐकत जायचे आणि कोणती सरस ते ठरवायचे. दुपारपर्यंत तो गोंधळतो. कोट्यवधी रुपयांचे, माणसाहून उंच स्पीकर ढोल पिटल्यासारखे घुमताना ऐकू येतात आणि शेजारच्याच खोलीत बुटांच्या खोक्याएवढी जोडी सुरेख गात असते. यात यंत्रांची फार चूक नाही. तिथे आपल्या कानावर येते ती आधी खोली. स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर, तबकडी, वायरी यांचा नंबर त्यानंतर लागतो. खोली वजा कशी करायची हे जमले की प्रदर्शनाची खरी मजा सुरू होते, म्हणून त्यावर जरा रेंगाळू.

म्युनिकच्या इमारतीत प्रदर्शनासाठी दोन प्रकारच्या जागा असत. तळमजल्यावर मोठी दालने, आणि त्यांत तात्पुरत्या भिंतींच्या ऐकण्याच्या केबिन उभ्या केलेल्या. वरच्या मजल्यांवर काचेच्या छताखालचे उजेडी चौक आणि त्यांच्याभोवती खोल्या, ज्यांच्या दर्शनी बाजूलाही काचच. केबिन लहान, भिंती पातळ. शेजारच्याचा ड्रम आपल्या सतारीत मिसळे. वरच्या खोल्या मोठ्या, पण काच आणि काँक्रीटमुळे टणक. अमेरिकेत शिकागोजवळ शॉमबर्गला भरणारे ‘अ‍ॅक्सपोना’ हॉटेलात असते. तिथे खोल्यांमधले पलंग हलवून स्पीकर मांडतात. पोलंडमध्ये वॉर्साचे प्रदर्शन तर हॉटेले आणि शहरातले राष्ट्रीय फुटबॉल मैदान अशा ठिकाणी विभागलेले असते. जागा कोणतीही असो, अडचण तीच: खोली परक्या कामासाठी बांधलेली आणि प्रदर्शकाच्या हातात मांडामांडीला एखाद-दोन दिवस.

न्हाणीघरात गुणगुणताना एखादाच स्वर अचानक फुगतो, हे सगळ्यांनी अनुभवलेले आहे. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमधले अंतर ज्या ध्वनीच्या अर्ध्या तरंगलांबीएवढे भरते, तो ध्वनी त्या भिंतींत अडकून उभा राहतो. हिशेब सोपा आहे: ३४३ ला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागायचे. साडेपाच मीटर लांब, चार मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच अशी हॉटेलची खोली घेतली, तर लांबीमुळे ३१, रुंदीमुळे ४३ आणि उंचीमुळे ६९ हर्ट्झ हे आकडे येतात. हे तिन्ही स्वर खर्जातले. त्यांच्या पटीतले वरचेही असतात, पण त्रास मुख्यतः हेच देतात. संगीतात त्यांतला एखादा आला की खोली त्याला धरून ठेवते, आणि वादकाने स्वर सोडला तरी खोली सोडत नाही.

त्यातून हा अडकलेला ध्वनी खोलीभर सारखा पसरत नाही. भिंतीलगत त्याचा दाब सर्वांत जास्त, बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य. म्हणजे त्याच खोलीत, त्याच वेळी, मागच्या भिंतीला खुर्ची टेकवून बसलेला माणूस म्हणतो ‘काय बेस आहे!’ आणि मधल्या रांगेतला म्हणतो ‘बेस आहे कुठे?’ दोघेही खरे बोलत असतात. तेव्हा पहिला नियम असा की एका खुर्चीवरून मत बनवायचे नाही. तेच गाणे चालू असताना, इतरांना त्रास न देता, मागे उभे राहून पाहावे, मग एका बाजूला, मग जागा मिळाली तर मध्ये. जो दोष जागेबरोबर बदलतो तो खोलीचा; जो सगळीकडे तसाच राहतो तो बहुतेक यंत्राचा किंवा मुद्रणाचा.

उंचीचा आकडा आपल्या लोकांसाठी विशेष गमतीचा आहे. काळी एकच्या पट्टीत गाणाऱ्या गवयाचा तंबोरा घ्या. त्याच्या खर्जाच्या तारेची कंपनसंख्या साधारण ६९ हर्ट्झ येते, म्हणजे अडीच मीटर उंचीच्या छताने नेमका धरलेला स्वर. हा स्वर जमिनीपाशी आणि छतापाशी सर्वांत जोरकस आणि सव्वा मीटर उंचीवर सर्वांत क्षीण. खुर्चीत बसलेल्या माणसाचे कान साधारण त्याच उंचीवर असतात. अशा खोलीत बसून ऐकताना खर्जाचे मूळ पातळ वाटेल. उठून उभे राहिलात तर भरेल. तंबोऱ्याचा खर्ज मुळात मूळ स्वरापेक्षा जवारीतून उमटणाऱ्या वरच्या स्वरांवर जास्त जगतो म्हणून आपण फसत नाही इतकेच. बास गिटारचा चाहता मात्र त्या जागी स्पीकरला नावे ठेवून निघून जातो.

प्रदर्शक यावर काय करतात? कोपऱ्यांत उभे केलेले फोमचे किंवा लोकरीचे जाड खांब दिसतील. त्यांनी मधल्या पट्टीतला घुमारा कमी होतो, पण खऱ्या खर्जाला शोषायला फार जाडी लागते. ४० हर्ट्झची तरंगलांबी साडेआठ मीटर. तिच्या चौथ्या हिश्शाएवढ्या, म्हणजे दोन मीटरच्या थराला जागा कुठून आणणार? म्हणून जाणता प्रदर्शक वेगळीच युक्ती करतो: खोली लहान असेल तर लहान स्पीकर आणतो. ३१ हर्ट्झपर्यंत जो उतरतच नाही, तो खोलीचा तो खोडकर स्वर जागवतही नाही. बुटांच्या खोक्याएवढ्या जोडीचे गुपित पुष्कळ अंशी हेच. बीबीसीने १९७० च्या दशकात आपल्या बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांमध्ये ऐकण्यासाठी एलएस३/५ए हा इवलासा स्पीकर घडवला. पन्नास वर्षांनीही त्याच्या आवृत्त्या निघतात आणि प्रदर्शनांतून वाजतात. पण मोठे स्पीकर विकणे जास्त फायद्याचे, आणि ते आणण्याचा मोह सगळ्याच कंपन्यांना आवरतो असे नाही. वीस चौरस मीटरच्या खोलीत माणसाच्या उंचीचे मनोरे कोंबलेले दिसले की मी फार वेळ थांबत नाही.

खर्ज खोलीच्या मापांवर, तर वरचे स्वर माणसांवर अवलंबून. कपडे घातलेल्या माणसाचे अंग वरच्या कंपनसंख्या चांगल्या शोषते. सकाळी रिकाम्या खोलीत बोचरी वाटलेली झांज दुपारी तीस माणसांत मऊ होते. गालिचाचेही तसेच: वरचे शोषतो, खर्जाला हात लावत नाही, म्हणून नुसते गालिचे अंथरलेली खोली जड आणि मिणमिणती वाटते. बाजूची काचेची भिंत याच्या उलट काम करते. स्पीकरपासून निघालेला ध्वनी तिच्यावर आपटून काही मिलिसेकंदांच्या फरकाने कानावर येतो, मेंदू त्याला मूळ ध्वनीतच मिसळतो, आणि गायकाची जागा पुसट होते.

जागा म्हणजे काय, हेही सांगायला हवे. १९३१ साली अ‍ॅलन ब्लुमलाइन या इंग्रज अभियंत्याने स्टिरिओचे पेटंट मागितले. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण झाला, की दोन्ही बाजूंचा सारखा आवाज मध्ये, रिकाम्या जागी, ऐकू येतो. गायक तिथे बसला आहे असे वाटते. हा भास त्रिकोणाच्या टोकाला एकाच माणसाला पूर्ण मिळतो. ती खुर्ची मिळवायची असेल तर पहिल्या रांगेच्या मध्यावर डोळा ठेवा, एखाद-दुसरे गाणे ऐका आणि उठा. तिथे ठाण मांडून बसणाऱ्याकडे मागची रांग कशी पाहते, ते एकदा मागे उभे राहून बघण्यासारखे आहे.

आता आवाजाच्या पातळीकडे. एक डेसिबलचा फरक मोठेपणा म्हणून बहुतेकांना जाणवत नाही. जाणवतो तो दर्जा म्हणून: ‘हा जास्त जिवंत आहे’, ‘इथे तपशील जास्त आहे’. शिवाय आवाज वाढला की कानाला खर्ज जास्त प्रमाणात ऐकू येतो. बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये याचे आलेख काढले. म्हणून दोन अ‍ॅम्प्लिफायरची तुलना करून दाखवणारा विक्रेता बटण कुठे ठेवतो, ते पाहा. मोजून दोन्हीचा आवाज सारखा केलेला नसेल तर ती तुलना करमणूक समजावी. नम्रपणे विचारायला हरकत नाही: ‘दोन्हीची पातळी जुळवलीय का?’ कसलेला प्रदर्शक खूश होतो. बाकीचे विषय बदलतात.

बरोबर काय न्यावे, या प्रश्नावर माझे मत ठाम आहे: आपले संगीत न्यावे. प्रदर्शनांत वाजणारी गाणी ठरलेली असतात. ईगल्सच्या १९९४ च्या मैफलीतले ‘हॉटेल कॅलिफोर्निया’, डायना क्रॉलचे एखादे गाणे, युगानुयुगे चालत आलेले तेच ते स्वित्झर्लंडच्या येलो या बँडचे इलेक्ट्रॉनिक तुकडे. ही मुद्रणे चांगलीच आहेत. अडचण अशी की कोणत्याही बऱ्या यंत्रावर ती चांगली वाजतात. नेहमी जाणारे लोक कोणत्या खोलीत किती वेळा ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ ऐकले याचा विनोदी हिशेब ठेवतात. आणि ज्या बाईचा आवाज आपण समोर बसून कधी ऐकलेला नाही, तो खरा आहे की खोटा हे ठरवणार कशावरून?

तंबोरा, तबला, सारंगी, हार्मोनियम मात्र आपण हाताच्या अंतरावर ऐकलेली असतात. यासारखी कसोटी नाही. तंबोऱ्यात जवारीमुळे एका तारेतून वरच्या स्वरांची दाट फळी उठते आणि हळूहळू पालटत विरते. वरचे स्वर वाजवणारा ट्वीटर कडक असेल तर ती फळी कर्कश होते, मंद असेल तर तंबोरा इलेक्ट्रॉनिक पेटीसारखा सपाट वाटतो. डग्ग्यावर तळहात दाबून स्वर खाली-वर सरकवतात, ती मींड सलग ऐकू आली पाहिजे. खोली एखादा स्वर धरत असेल तर डग्गा त्या स्वरावरून जाताना फुगतो आणि पुढे पुन्हा बारीक होतो. खोलीची तपासणी करणारे अभियंते यंत्रातून खालून वर सरकत जाणारा स्वर सोडतात; डग्गा तेच काम मोफत करतो. चाटीवरचा ‘ना’ कोरडा आणि टोकदार हवा, त्यामागे खोलीची शेपूट नको. ख्यालात गायक बोलातला ‘स’ किंवा ‘च’ उच्चारतो तेव्हा तो तोंडातूनच आला पाहिजे, वर छताशी वेगळा सुटता कामा नये.

आणि एक तरी मोनो मुद्रण न्या. केसरबाई केरकरांच्या किंवा त्यांच्या पिढीतल्या कुणाच्याही ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरून केलेली प्रत चालेल. मोनो म्हणजे दोन्ही स्पीकरना एकच संदेश. अशा वेळी गाणे दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध, एका अरुंद जागेतून, येत राहायला हवे. आवाज रुंद पसरला, वरच्या स्वरात डावीकडे आणि खालच्या स्वरात उजवीकडे सरकला, तर मांडणी चुकली आहे, बाजूच्या भिंतींमध्ये फरक आहे, किंवा दोन स्पीकर एकमेकांसारखे नाहीत. लक्षावधी युरोंची यंत्रणा तीन मिनिटांच्या जुन्या भैरवीने अशी उघडी पडते. बऱ्याच खोल्यांत आता टॅब्लेटवरून हवे ते गाणे शोधून लावतात. पण आपले मुद्रण तिथे असेलच असे नाही, तेव्हा पेनड्राइव्हवर फाइली न्याव्यात. काही जण पेनड्राइव्ह घेत नाहीत. एलपी मात्र सहसा कुणी नाकारत नाही, उलट चार माणसे वेष्टन बघायला गोळा होतात. दहा मिनिटांचा विलंबित लावायला मात्र सांगू नये. नेमके कोणते दीड मिनिट हवे ते आधीच ठरवून ठेवावे.

एलपीवरून आठवले. बारा इंची तबकडीच्या एका बाजूची खोबण उलगडली तर वीस मिनिटांच्या संगीतासाठी चारशे मीटरहून लांब भरते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटीमीटर खोबण सरकते, आतल्या टोकाशी जेमतेम २१. फिरण्याचा वेग तोच, ३३⅓ फेऱ्या. पण आत तेवढेच संगीत निम्म्याहून कमी जागेत कोंबलेले असते, आणि सुईला ते वाचणे जड जाते. प्रदर्शक नेहमी बाजूचे पहिले गाणे का लावतो, ते आता कळेल. टर्नटेबल, त्याचा हात आणि सुई यांची परीक्षा घ्यायची तर शेवटचे गाणे मागावे. आपल्या शास्त्रीय तबकड्यांवर बाजू संपता संपता द्रुत आणि तानांची गर्दी असते, त्यामुळे परीक्षा आणखी कडक होते.

दोन-चार खोल्यांमध्ये चुंबकीय टेपची मोठी रिळे फिरताना दिसतील, सेकंदाला ३८ सेंटीमीटर वेगाने. तिथला आवाज बहुधा फार सुंदर असतो आणि त्याचे श्रेय शेजारच्या स्पीकरला जाते. प्रत्यक्षात मूळ मुद्रणाच्या टेपवरून फारशा पायऱ्या न उतरता काढलेली ती प्रत असते. जेवणाची चव तांदळाला आहे की चुलीला, हे इथे वेगळे काढता येत नाही, तेव्हा अशा खोलीत आनंद घ्यावा आणि वहीत काही लिहू नये.

भोंग्याच्या आकाराच्या स्पीकरच्या खोल्या चुकवू नयेत. दक्षिण कोरियाची सिल्बाटोन ही कंपनी म्युनिकला अनेक वर्षे वेस्टर्न इलेक्ट्रिकचे १९३० च्या दशकातले, चित्रपटगृहांसाठी बनवलेले अजस्र भोंगे आणून वाजवत असे. ते विकत घ्यायला कुणी येत नसे, ऐकायला दाराबाहेर रांग लागे. त्यामागचे गणित असे आहे. स्पीकरची कार्यक्षमता एका वॉटला एक मीटरवर किती डेसिबल, अशी सांगतात. नेहमीच्या पेटीबंद स्पीकरचा आकडा ८८ च्या आसपास, मोठ्या भोंग्याचा १०४ असू शकतो. फरक १६ डेसिबलचा, म्हणजे शक्तीच्या भाषेत चाळीसपट. ३००बी या जुन्या ट्रायोड व्हॉल्व्हचा आठ वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर भोंग्यावर जे करतो, ते करायला पेटीबंद स्पीकरला ३२० वॉट लागतील. त्या काळी वॉट महाग होते, म्हणून चित्रपटगृहे भोंग्यांवर चालली. पुढे ट्रान्झिस्टरने वॉट स्वस्त केले आणि स्पीकर आकसले. ‘किती वॉटचा आहे?’ हा आपल्याकडचा आवडता प्रश्न एकटा विचारला तर म्हणूनच काही सांगत नाही. समोर कोणता स्पीकर आहे, हे त्याच्याबरोबर यायला हवे.

वायरींबद्दल बोलायचे टाळता येणार नाही. मनगटाएवढ्या जाड, लाकडी ठोकळ्यांवर उचलून धरलेल्या, मुंबईतल्या गाडीच्या किमतीच्या वायरी इथे सर्रास दिसतात. पुरेशा जाडीची चांगली तांब्याची वायर आणि ही, यांतला फरक मापनयंत्रावर नगण्य निघतो, आणि पडद्याआडच्या चाचण्यांत तो ओळखणारे सापडत नाहीत. तरी समोर पाहताना फरक ऐकू येतो, हेही खोटे नाही. हरमन कंपनीत फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली स्पीकरवर हेच तपासले. तेच श्रोते, तेच स्पीकर. एकदा पडद्याआड, एकदा डोळ्यांसमोर. दिसू लागताच गुण बदलले. आकार, किंमत, नाव यांचा परिणाम झालाच, शिवाय स्पीकरची जागा बदलल्याने होणारा खरा फरक श्रोत्यांना कमी जाणवू लागला. कसलेले श्रोतेही याला अपवाद नव्हते. प्रदर्शनात पडदा नसतो. पण डोळे मिटून बसता येते, आणि खोलीत शिरताना किमतीचा फलक न वाचणे तर पूर्ण आपल्या हातात आहे. आधी ऐकावे, दोन ओळी लिहाव्यात, किंमत शेवटी विचारावी.

कान थकतात, हे लोक विसरतात. अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेचा दंडक असा: ८५ डेसिबलला आठ तास, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ९४ डेसिबलला एक तास उरतो. उत्साही प्रदर्शकाच्या खोलीत एवढा आवाज सहज असतो. मोठ्या आवाजानंतर कानाची संवेदना तात्पुरती बोथट होते, विशेषतः वरच्या स्वरांत. मग संध्याकाळी सगळेच स्पीकर मवाळ, ‘उबदार’ वाटू लागतात आणि जो जरा तिखट वाजतो तो आवडतो. ज्या तीन-चार खोल्या खरोखर ऐकायच्या आहेत त्या सकाळी, दारे उघडल्या उघडल्या, उरकाव्यात. म्युनिकला गुरुवार व्यापाऱ्यांचा असे आणि त्यानंतर सर्वांना प्रवेश. शुक्रवारपर्यंत प्रदर्शकांची मांडणीही जरा स्थिरावलेली असते. दुपारी मोठ्या दालनांत हिंडावे, हेडफोनच्या टेबलांशी बसावे. तिथे निदान खोलीचा प्रश्न नाही, गोंगाटाचा तेवढा आहे. रविवारी उतरत्या दुपारी गर्दी ओसरते. विकण्याचा ताण संपलेला प्रदर्शक तेव्हा स्वतःच्या आवडीचे काढून लावतो, गप्पांना बसतो.

या गप्पा हाच प्रदर्शनाचा खरा माल, असे माझे मत होत चालले आहे. दुकानात भेटतो तो विक्रेता. इथे पुष्कळदा स्वतः बनवणारा भेटतो. ‘याची खासियत काय?’ असे विचारले की माहितीपत्रक ऐकायला मिळते. त्याऐवजी विचारावे: स्पीकर मागच्या भिंतीपासून इतका पुढे का ठेवला? वूफरचे काम कुठे संपते आणि ट्वीटरचे कुठे सुरू होते? या खोलीत कोणता स्वर छळतोय? शेवटचा प्रश्न जादूचा आहे. गेल्या दोन रात्री त्या माणसाने त्या स्वराशी झगडण्यात घालवलेल्या असतात, आणि त्याबद्दल कुणी विचारलेले नसते.

परत आल्यावर हिशेब पुन्हा खोलीपाशी येतो. युरोप-अमेरिकेतल्या पुष्कळ घरांत आणि हॉटेलांत आतल्या भिंती जिप्समच्या पोकळ फळ्यांच्या. त्या स्वतः थोड्या हलतात आणि काही खर्ज खातात. पुण्या-मुंबईतला फ्लॅट आरसीसीचा आणि विटांचा, खर्ज जवळजवळ सगळा परतवणारा, खाली गुळगुळीत फरशी. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत ४७ आणि ५६ हर्ट्झवर गाठी पडणारच. तिकडे भरदार वाटलेला स्पीकर इथे गुरगुरतो. जो तिकडे जरा सडसडीत वाटला, तो इथे बरोबर बसण्याची शक्यता जास्त. म्हणून आवडलेल्या दोन-तीन नावांवर खूण करावी आणि इथल्या विक्रेत्याकडे आठवड्यासाठी घरी लावून मागावे. सगळे देत नाहीत. जो देतो त्याच्याकडून घ्यावे.

बाहेरूनच आणायचे असेल तर विजेचे पाहा. म्युनिक किंवा व्हिएन्नात घेतलेले यंत्र २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झचे, आपल्यासारखेच; फक्त पिन बदलावी लागते. अमेरिकेतले १२० व्होल्टचे, जपानमधले १०० चे. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट सांभाळता येतात, हर्ट्झ नाही. काही टर्नटेबलांची मोटर विजेच्या हर्ट्झवरच वेग धरते. अमेरिकेत ६० हर्ट्झवर ३३⅓ फेऱ्या घेणारे असे यंत्र आपल्याकडे २८ फेऱ्यांच्या खालीच रेंगाळते, आणि काळी एकमध्ये गाणारा गवई थेट खालच्या काळी पाचमध्ये उतरतो. विकणाऱ्याकडून ५० हर्ट्झची पुली पेटीत टाकून घ्यावी.